द्विरुक्ती

जानेवारीत केरव्हिलला पोचलो तेव्हा
टेकडीवरची सीडरची झाडं धूर सोडत होती.
हे म्हणाले, "तृप्ती, आग लागलीय गं तिकडे."
ती हसली. "आग नाही बाबा, पराग.
टेक्सासमध्ये ही थंडीतच फुलतात."
दुसऱ्या दिवसापासून ह्यांचं नाक, डोळे,
आणि एका दमात अकरा शिंका. मी मोजल्या.

दुकानात औषधं वेफर्सच्या पुढच्या रांगेत,
वाढदिवसाच्या कार्डांना लागून.
ना डॉक्टरची चिठ्ठी, ना कुणी विचारणारं.
"चिठ्ठी लागत नाही म्हणजे निर्धोकच की," हे म्हणाले,
आणि मीही मान डोलावली;
ते माझ्या नावावर राहू दे.

शिंकांना गुलाबी गोळ्या.
झोपेला निळ्या, कारण ह्यांचं घड्याळ अजून कोल्हापुरातच होतं.
खोकल्याला जांभळं पातळ औषध,
मापाच्या झाकणानं नव्हे, पोह्याच्या चमच्यानं.
एकानं भागेना म्हणून आणखी एक.
लेक कामावर. मी तिच्या स्वयंपाकघरात
हळद कुठल्या डब्यात ते शोधत होते.

चौथ्या रात्री हे भिंतीशी उभे.
जीभ टाळूला चिकटलेली,
अंग तव्यासारखं, पण घामाचा थेंब नाही.
डोळ्यांतल्या बाहुल्या एवढ्या पसरलेल्या
की तपकिरी रंगाला जागाच उरली नव्हती.
दोन बोटांच्या चिमटीनं हवेतून काहीतरी वेचत होते.
"काय वेचताय?"
"अनुस्वार. सगळे सांडलेत. सकाळी फर्मा मशीनवर चढायचाय."

बेचाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली ह्यांनी.
मला वाटलं, स्वप्नात आहेत. हात धरला
तर नाडी शिवणयंत्रासारखी पळत होती.
मग माझ्याकडे वळून, "आपण कोण? लेखक आलेत का?"
चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात
पहिल्यांदाच मला 'आपण'.

तृप्तीनं विषबाधेच्या मदतक्रमांकावर फोन लावला.
पलीकडची बाई शांत. म्हणाली,
खोकी उलटी करा, पाठीवरची बारीक अक्षरं वाचा.
गुलाबी: डायफेनहायड्रामिन.
निळं: डायफेनहायड्रामिन.
जांभळ्या बाटलीपाशी लेकीचा आवाज चिरला.
तीन रंग, तीन नावं, आत एकच.
"ॲम्ब्युलन्स निघालीय. फोन ठेवू नका."

रुग्णालयात छातीला तारा, लघवीला नळी.
डेलिया नावाची नर्स पडद्यावरची रेघ बघायची,
जायची, लगेच परत येऊन बघायची.
मला रेघ कळत नव्हती. मी तिचा चेहरा वाचत राहिले.
आमच्या खांडेपारकरचे तिनं चार तुकडे केले,
पण प्रत्येक तुकडा हळुवार ठेवला.
पहाटे डॉक्टर बरंच काही बोलले, हृदयाबद्दल,
आणखी उशीर झाला असता तर त्याबद्दल.
तृप्तीनं निम्मंच मराठीत आणलं.

तिसऱ्या दिवशी घरी. ह्यांनी भिंग मागितलं.
तिन्ही ओळीनं मांडलं, शेजारी खाजेच्या मलमाची ट्यूब.
तिच्यावरही तेच नऊ अक्षरांचं नाव.
ते मलम मीच चोळलेलं, पाठभर, रोज.
लाल पेननं रेघ. रेघ. रेघ. मग ट्यूबवर, तिथं शाई धरेना.
"एकच शब्द चारदा," म्हणाले,
"आणि माझ्या नजरेतून सुटला."
दिवाळी अंकात एक वेलांटी चुकली
म्हणून दोन दिवस न जेवलेला माणूस.
मी काय बोलणार?
चहा ठेवला.

टेकडी अजून धुमसतेय.
काल ह्यांना शिंक आली.
दोघांनीही कपाटाकडे पाहिलं.
मग मी रुमाल दिला.
दुसरी आली.
तोच उलटा करून दिला.