पिवळ्याच्या खाली

पहाटे चारला चर्चच्या पार्किंगमध्ये
सतरा पोरं, सगळ्यांचे टी-शर्ट हिरवे,
पाठीवर एकच शब्द छापलेला: जा.
सुवार्ताचा एक साइझ मोठाच.
पाळकांनी प्रार्थना आटोपती घेतली,
विमान इंडियानापोलिसहून होतं.
दहा दिवस. होंडुरास. शाळेची एक भिंत रंगवायची.
माणशी एकोणीसशे डॉलर,
त्यातले चारशे आम्ही मार्चमध्ये सामोसे विकून उभे केले,
कोकोमोच्या वाऱ्यात, हातमोजे घालून.

परत आली तेव्हा नाकाचं सालपट निघालेलं,
मनगटाला कुणी विणून दिलेला दोरा.
बोलणं मात्र तिकडेच कुठे राहिलेलं.
अंघोळीला गेली की पाणी सुरू, बंद, सुरू, बंद.
हिला वाटलं नळ बिघडला.
मी पाना घेऊन जिन्यापर्यंत गेलो
आणि तसाच खाली आलो.

रविवारी उपासनेत साक्षी झाल्या, तीन-तीन मिनिटं.
ब्रेडन म्हणाला, त्यांच्याकडे काहीच नाही
तरी ते किती हसतात.
मॅकेन्झी रडली. टाळ्या.
पडद्यावर फोटो: मांडीवर मूल, मांडीवर मूल,
वेगळी मांडी, तेच मूल.
सुवार्ता माइकपाशी गेली, म्हणाली,
"भिंत आता पिवळी आहे,"
आणि खाली बसली.

रात्री गॅरेजमध्ये, मी गवत कापायचं यंत्र पुसत असताना:
"बाबा, आधी जुना रंग खरवडायचा होता.
निळ्याखाली गुलाबी निघाला,
गुलाबीखाली पोपटी, त्याखाली परत निळा.
मी नखानं आणखी आत गेले.
एक मुलगा बघत होता, ओस्मान, माझ्याच वयाचा.
त्याचे वडील गवंडी आहेत, घरीच बसून होते.
म्हणाला, दर जूनला एक रंग येतो.
टोमणा नव्हता, बाबा.
आंबे येतात म्हणावं, तसं म्हणाला.
मग त्यानं ब्रश कसा धरायचा ते मला दाखवलं."

मी काहीतरी बोलायला हवं होतं.
माझ्याकडे आईचा एक फोटो आहे,
ओहायोतल्या कुठल्याशा चर्चच्या जुन्या अहवालातून कापलेला.
जालन्याची मिशन शाळा, हातात पाटी, दोन वेण्या,
खाली छापलंय: शाळेतील एक मुलगी.
त्या मुलीचं नाव रखमा साळवे होतं.
त्याच पाटीवर ती शिकली, आणि तिच्याकडून मी.
म्हणून मला हसताही येत नाही
आणि टाळ्याही नीट वाजवता येत नाहीत.

सप्टेंबरपासून बुधवारी ती उशिरा बाहेर येते.
पोरं पिझ्झा खायला जातात, ही खुर्च्या मिटते.
अकरा वर्षं एक बाई आमच्या चर्चचा गालिचा साफ करते,
अकरा वर्षं मी तिला लांबून हात हलवतो.
गाडीत बसल्यावर सुवार्ता बेल्ट लावत म्हणाली,
"त्यांचं नाव एर्मेलिंडा.
ओस्मानच्या गावापासून दोन डोंगर पलीकडे त्यांचं घर.
गुडघा दुखतो त्यांचा.
मार्चमध्ये सहा सामोसे घेतले होते, फार तिखट लागले म्हणाल्या."
सिग्नल हिरवा झाला. मागच्यानं हॉर्न वाजवला.
"त्या एकदाही घरी गेल्या नाहीत, बाबा.
जाता येत नाही.
शाळेला आता कुठला रंग आहे, विचारत होत्या."

ती काही संत झालेली नाही.
फोनवरून आईशी भांडते, ताट बेसिनमध्ये तसंच ठेवते.
पुढच्या जूनचा फॉर्म फ्रिजवर आहे,
सही न केलेला, न फाडलेला,
आइस्क्रीमच्या आकाराच्या चुंबकाखाली.

काल बुधवारी मी गाडीतून उतरलो.
आत गेलो, चपला काढाव्यात की काय या विचारात
गालिच्याच्या कडेला उभा राहिलो.
"एर्मेलिंडाबाई," म्हणालो.
पुढचं वाक्य मला सापडेना.
त्यांनी यंत्र बंद केलं.