ही ओळ काढू नका

हानुसचं मशीन आता माझ्या टेबलावर.
क्लाक्सव्हिकच्या बंदर-कचेरीत, दुसरा मजला,
खिडकीखाली बर्फाचा कारखाना पहाटेपासून खडखडतोय.
पडदा काळा, आणि अक्षरं
शिळ्या लोण्याच्या रंगाची.
असा रंग कुणी आपणहून निवडतं का?

तक्रार साधीच होती :
बोटींच्या यादीत एका अक्षराच्या जागी चौकोन येतो.
आमचं ते अक्षर, माथ्यावर आडवी काठी घेतलेलं,
जे आम्ही लिहितो, पण उच्चारत नाही.
'हवामान' लिहिताना लागतं. 'माणूस' लिहिताना लागतं.
तर सकाळपासून हवामानात एक भोक,
माणसात एक भोक.

फॉन्ट बदलला. चौकोन.
एन्कोडिंग तपासलं, टर्मिनल दुसरं टाकून पाहिलं,
बंद करून चालू केलं, जे कुणालाही सुचतं.
चौकोन मख्ख.
शेवटी त्याची कॉन्फिग फाइल उघडली.

नऊशे बारा ओळी.
सत्ताविसावीवर, हॅशच्या आडोशाने :
'का लागते ठाऊक नाही. काढली की सगळं रुसतं.'
एकशे चाळिसावीवर :
'तोर्शहाव्नच्या पोरांनी सांगितलेलं. चूक आहे. चालतं.'
तीनशे सहावीवर नुसतं :
'ही ओळ काढू नका.'
कुणाला सांगत होता?
बावीस वर्षं या खोलीत तो एकटाच बसायचा.

आणि कळा तर विचारू नका.
डावं कंट्रोल मेलेलं.
सेव्ह उजवीकडे, एस्केप उजवीकडे,
सगळे शॉर्टकट एका कुशीवर झोपल्यासारखे.
कळ दाबून धरली तर मशीन पाऊण सेकंद
विचारात पडल्यासारखं थांबायचं, मग अक्षर पुन्हा.
काय हा गबाळेपणा, म्हटलं,
आणि साफ करायला बसले.
चौदा ओळी उडवल्या असतील,

तेवढ्यात क्रेनवाला टोकी बर्फाच्या बिलावर सही घ्यायला आला.
मी कीबोर्डला शिव्या देत होते, ते ऐकत उभा राहिला.
म्हणाला, त्याची डावी दोन बोटं विंचमध्ये गेली ना,
अठ्ठ्याऐंशी साली, ग्रीनलंडच्या बाजूला.
तुला ठाऊक नव्हतं?
आणि शेवटी शेवटी उजवा हातही कापायचा.
पेन दे.

सहा वर्षं एकाच कॉरिडॉरमध्ये आम्ही.
त्याचा डावा हात कायम खिशात.
मला वाटायचं, ऐट.

अनडू. अनडू. अनडू.
चौदा वेळा, मोजून.
आता वाचायला लागले तर फाइल कसली,
विणलेला हातमोजा होता तो,
दोन बोटं टाका घालून बंद केलेला,
आणि आतून अजून जरा उबदार.

चौकोन तीनशे सहानेच येत होता.
जुन्या प्रिंटरची भाषा बोलायला लावणारी ओळ ती.
कागदावर अक्षर नीट उमटायचं,
पडद्यावर भोक पडायचं,
आणि हानुस कागदच वाचायचा.
भोकात काय आहे ते त्याला पाठ होतं.
प्रिंटर मागच्या वसंतात भंगारात गेला.
त्याच्यानंतर तीन आठवड्यांनी हानुस.
नाही, भंगारात नाही. तुम्हाला कळलं मला काय म्हणायचंय.

डिलीटवर बोट ठेवलं.
मग काढलं.
ओळीच्या पुढे एक हॅश टाकला फक्त.
आता ती आहे, जागच्या जागी, अक्षरन् अक्षर,
मशीन तिच्यावरून नजर फिरवतं
आणि काही म्हणत नाही.
लिहिलेली. न उच्चारलेली.

खाली माझी एक ओळ :
'काढली नाही. – रान्व्हा.'

यादी पुन्हा चालवली.
हवामान भरून आलं. माणूसही.
हिशेबखात्याने फोनवर विचारलं, काय झालं होतं?
म्हटलं, फॉन्ट.

साडेचारला एक बोट लागली, तिला यादीत घेतलं.
वारा वायव्येचा, सात.
डाव्या कंट्रोलला चुकून बोट लागतं अजून, काही होत नाही.
रंग राहू दे.
त्या पाऊण सेकंदाचं काय करायचं
ते उद्या बघू.