घरात माणसं किती

तळघरातली टाकी गुरुवारी रात्री गेली.
फुटली वगैरे नाही, बुडाशी रडत राहिली गुपचूप.
सकाळी नाताळच्या दिव्यांचं खोकं भिजून फुगलेलं,
आणि बोका पायरीवर बसून
माझ्याकडे असा बघतोय, जणू हे मीच केलंय.

दुलुथमधला नोव्हेंबर.
पाणी येतं सरोवरातून, बर्फ व्हायला चार अंश कमी,
नळाखाली हात धरला
की बोटं आपली आहेत हे आठवावं लागतं.

आर्वो लाहती आला. सत्तरीकडे झुकलेला,
गुडघे त्याच्याआधी जिना उतरताना ऐकू येणारा.
न सांगता बूट दारात काढले.
मला तेव्हाच आवडला.

पायरीवर बसून त्याने दोन कागद पसरले.

एकावर भिंतीला टांगायची पेटी, सुटकेसएवढी.
साठा नाही. नळ उघडला की पेटते, मिटला की विझते,
मागेल त्याला, मागेल तेव्हा.
"पण पाणी इतकं गार, की जानेवारीत
एका वेळी एकच जण सुखाने अंघोळ करणार.
खाली कुणी भांडी घासायला घेतली
तर वरून ओरडा ऐकू येईल.
आणि एकाची झाली, दुसऱ्याने नळ सोडला,
की मध्येच एक गार लाट. ती कुणाला चुकत नाही."

दुसऱ्यावर टाकी. तीच, पन्नास गॅलनची.
रात्रंदिवस तापून उभी,
कुणी येवो, न येवो.
"उभ्या उभ्या ऊब गळते," तो म्हणाला,
"त्याचं बिल तुम्ही भरता."

मग कानामागची पेन्सिल काढून:
"घरात माणसं किती?"

चार, म्हणाले मी.
त्याने चार लिहिलं.
नाही, एक.
म्हणजे डिसेंबरात दहा दिवस सहा:
निनाद टूसॉनहून येतो, सून, दोन्ही मुली
(त्यांचे केस धुणं म्हणजे अर्धा अर्धा तास),
केतकीला जमलं तर केतकी.
चौथा माणूस आता मिनियापोलिसमध्ये
दुसऱ्या कुणाच्या तरी गॅसचं बिल भरतो.
हे शेवटचं मी बोलले नाही.
आर्वोने चार खोडलं, सहा लिहिलं, खोडलं,
आणि बराच वेळ कागदाकडे बघत राहिला.

जुन्या टाकीचं पाणी त्याने होजने अंगणात सोडलं.
बर्फात एक काळं भोक पडलं, वाफाळत.
मग वरचं बूच पिळून
त्याने आतून एक सळई ओढून काढली,
सळई कसली, तार. जागोजागी कुरतडलेली.
"ही गंजण्यासाठीच असते.
गंज आधी हिला खातो, म्हणून टाकी टिकते.
चार-पाच वर्षांनी बदलायची असते.
कुणी सांगितलं नव्हतं?"

चौदा वर्षं. नव्हतं सांगितलं.

मी तार हातात घेतली. वजनच नव्हतं तिला.

पेटी स्वस्त पडली असती, वीसेक वर्षांत.
पण मी अजून बादली भरून अंघोळ करते,
शॉवर काही माझ्या अंगवळणी पडला नाही.
मला कढत पाणी लागतं
आणि त्यात माझ्या हाताने घातलेलं विसण;
आकड्यावर ठरवून आलेली ऊब
म्हणजे दुसऱ्याने चाखून दिलेला चहा.

टाकीच घेतली. चाळीस गॅलनची.
सहा जणांना पुरेल? "पाळी लावा," आर्वो म्हणाला.

रात्री खाली जाऊन हात लावून पाहिला.
गार. नवं आवरण जाड, बाहेर काही झिरपू देत नाही.
बोक्याने एकदा पाठ घासली, निराश झाला,
वर जाऊन माझ्या धुतलेल्या कपड्यांवर झोपला.

टाकीवर आर्वोने तारखेची चिठ्ठी डकवली होती.
मी जाड मार्करने खाली लिहिलं:
सळई बदलणे. चार वर्षांनी. विसरू नकोस.

इथल्या कुठल्याच प्लंबरला ते वाचता येणार नाही.