वर्तणूक : चांगली

पुरुषोत्तम चप्पल दारात काढतो, आत येतो,
परत जातो, चप्पल सरळ करून ठेवतो.
"काका, पेपर वाचलात का?"

वाचला नाही, ऐकला.
अशोक चौकातल्या सलूनमध्ये
गालाला साबण लागलेला, मान मागे टेकलेली,
शेजारच्या खुर्चीतला मोठ्यानं वाचत होता :
विडी घरकुलात पत्नीचा खून, पती ताब्यात.
मग नाव. मग वय. माझंच वय.
हा माझा मित्र आहे, असं मी म्हणालो नाही.
म्हणालो, "मिशी जरा बारीक कर."

मार्कंडेय कोंगारी.
चौथीत माझ्या बाकावर, खिडकीकडे.
त्याची आई विड्या वळायची, आम्ही दोघं कट्टे मोजायचो,
ओकटी, रेंडू, मूडू.
अजून बँकेतून निघताना नोटा
मी मनात तेलुगूत मोजतो. कुणाला माहीत नाही हे.

किल्ल्याच्या तटावरून पडलो तेव्हा
त्यानं मला सायकलच्या दांडीवर बसवून
सिव्हिलपर्यंत नेलं, वाटेत चेन पडली दोनदा,
दोनदा रडला, मी नाही, तो.
आणि आमचे अण्णा गेले त्या सकाळी
स्वतःच्या मागावरची कोरी चादर घेऊन आला, मोरांची.
आई म्हणाली, इतकी चांगली कशाला रे, जाळायला.
तो काही बोलला नाही. नीट पांघरली,
पायाकडून ओढून सारखी केली.
ते हात.

"वकील म्हणायलेत, जामिनाला बरं पडेल,
जुन्या माणसाचं पत्र असलं तर.
लहानपणापासून ओळखतो, स्वभाव चांगला, एवढंच.
तुमचं अक्षर तर..."

माझं अक्षर.
एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिले.
नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी,
शाळा सोडल्याचं कारण, वर्तणूक.
वर्तणूक : चांगली.
कुठल्या गुरुजींना विचारलं नाही कधी.
एकानं प्रयोगशाळेचा पडदा पेटवला होता,
त्याचीही चांगली.
रकाना तेवढाच होता, बोटभर.
दुसरा शब्द त्यात मावला नसता,
असं मी आजवर समजत होतो.

तीन वर्षांमागचा मे.
रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून वर यायचं.
त्याच्याकडे जेवायला गेलो.
कडक भाकरी, शेंगाचटणी, दह्यात कांदा.
वाढायला वहिनी. साडीवर त्याचा शर्ट,
पूर्ण बाह्यांचा, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली.
मी हसत विचारलं, वहिनी, उकडत नाही का हो?
उत्तर त्यानं दिलं.
"तिला सवय आहे."
पंखा कुरकुरत होता.
मी आणखी एक भाकरी घेतली.
चटणीत लसूण जरा जास्त होता, हेही आठवतंय.

अजून काही सिद्ध नाही. कळतं मला.
ताब्यात म्हणजे दोषी नाही.
पेपरवाले काहीही छापतात.
ती शिडीवरून पडली असेल, तो तसं सांगतोय म्हणे.
रात्रभर हेच घोकलं, पाढ्यासारखं,
आणि दर वेळी त्या बटणांशी येऊन अडलो.

पुरुषोत्तमच्या चहावर साय धरली आहे.
मी कोरा कागद घेतो, समास सोडतो, जुनी सवय.
लिहितो.
तो मान वाकडी करून वाचतो.

"काका, हे वदिनाचं नाव आहे.
दादाबद्दल लिहायचंय."

सुगुणा.
चौतीस वर्षं त्या घरात जेवलो.
नाव परवा कळलं, साबण लावलेला असताना.

"थांब," मी म्हणतो,
"आधी हे वाळू दे."