एकवीसशे ओहम

उणे बत्तीस.
कनोराच्या उत्तरेला, वीज संपते त्या शेवटच्या खांबापाशी
बाबांचा ट्रक तीन दिवस दातखीळ बसून उभा.
एकोणनव्वदचा. कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर आले
त्या सुरुवातीच्या पिढीतला :
अर्धा लोहाराचा, अर्धा कारकुनाचा.

बॅटरी रात्री स्वयंपाकघरात झोपते,
शेगडीशेजारी, मांजराच्या जागेवर.
सकाळी तिला कडेवर घेऊन मी बाहेर येते.
पाना बोटांना चिकटतो, कातडी घेऊनच सुटतो.
स्टार्टर फिरतो, चांगला जोमाने फिरतो,
इंजिन सगळं ऐकून घेतं
आणि काही बोलत नाही.

वासिल कुंपणापलीकडून ओरडला, पंप गेला!
वासिलच्या मते जगात जे जे बिघडतं ते पंपामुळे.
त्याची बायकोही पंपानेच गेली म्हणतो तो,
म्हणजे हृदयाने.

मी किल्ली अर्धी फिरवून कान लावला.
टाकीत दोन सेकंद गुणगुण, मग शांत.
गेजचा काटा चढला,
मी चहा पिऊन आले तरी चढलेलाच.
पंप ठीक आहे, वासिल.
ईथर फवारलं : दोन आचके, एक खोकला, पुन्हा सामसूम.
म्हणजे ठिणगीही आहे.
प्लग काढून पाहिला.
कोरडा. उपासाच्या जिभेसारखा.

पेट्रोल आहे, पण कुणीतरी हात आखडून वाढतंय.

वाढणारा बसतो पायापाशी, पत्र्याच्या डब्यात.
त्याला डोळे नाहीत.
बाहेर हिवाळा की उन्हाळा
हे त्याला एक पितळी बोंडूक सांगतं, इंजिनाच्या पाण्यात बुडालेलं.
थंडी वाढेल तसा त्याचा रोध वाढतो,
तेवढी एकच भाषा त्याला येते.
डब्याच्या टोकाशी मीटर लावला.
एकवीसशे ओहम.
तक्त्यात बोट फिरवत खाली गेले :
एकवीसशे म्हणजे तीस अंश. वरचे तीस.
माझ्या पापण्यांवर बर्फ,
आणि डब्याच्या लेखी जुलै चालू आहे.

सापडला खोटारडा, म्हटलं, आणि बोंडूक सोडवून
थेट त्याच्याच दोन टोकांना मीटर टेकवला.
अठ्ठावन्न हजार.
बिचारा जीव तोडून खरं सांगत होता.

मग तारा. सुटलेल्या तारांत काहीच नको होतं दिसायला,
तरी मीटर म्हणे, बावीसशे.
बॅटरीच्या मागे, काळ्या टेपच्या सातव्या वेढ्याखाली
निघाला तो :
तांदळाएवढा रेझिस्टर, दोन तारांमध्ये आडवा,
नेटका झाळलेला. झाळ ओळखीची.
माझ्या शाळेच्या डब्याची कडी अशीच जोडली होती.

पेट्रोल वाचवायला, ओरेस्ट हवरिलुक यांनी.
इंजिन तापलं की त्याचा काही त्रास नाही,
आणि थंड इंजिन त्यांनी कधी सुरूच केलं नाही.
रोज रात्री न चुकता हीटरची वायर लावायचे.
ती वायर यंदा उंदरांनी खाल्ली.

कात्री. एकच कचका.
बोंडूक जागेवर, टेप, किल्ली.
तिसऱ्या फेरीला ट्रक कण्हला, हादरला,
आणि धुराड्यातून पांढरीशुभ्र वाफ
सरळ वर, खांबाच्याही वर.
वासिलने टोपी काढली, लगेच घातली.

यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात फोन लावला,
खिडकीतून हात काढून त्यांना आवाज ऐकवला.
बराच वेळ ऐकत होते.
मग म्हणाले, वेग फार आहे गं. पितोय तो.

म्हटलं, हो बाबा.
पिऊ दे.