टाचणीचं भोक

मी कागद सांधते. वाचणं माझं काम नाही.
गव्हाची खळ, मऊ ब्रश, जपानी कागदाची कातडी,
आणि खिडकीबाहेर फ्रिसलंडचं आभाळ,
ज्याला टेकायला एक टेकडीसुद्धा नाही.

बांध-मंडळाच्या हिशेबांचा खोका आला मंगळवारी.
बाउक्येने यादीत लिहिलं होतं:
मातीच्या पावत्या, चौऱ्याण्णव.
बांधावर मेंढ्या चारल्याबद्दल दंड, सतरा.
किरकोळ, एक.

ते किरकोळ माझ्या तळहाताएवढं होतं.
चार घड्या. घडीवर कागद इतका विरलेला
की उजेड आरपार येत होता.
एकदा दुमडून विसरलेला कागद असा विरत नाही.
असा विरतो तो खिशात वागवलेला,
जेवणानंतर, कुणी बघत नाही असं पाहून
पुन्हा पुन्हा उघडलेला.

त्यावर दोन ओळी:

*दुनियेच्या बांधावरती काठी रोवतो हेसेल,*
*त्याच्याच चुलीपाशी उद्या समुद्र येऊन बसेल.*

खाली नाव असावं. तो कोपरा उंदराने खाल्ला
तीन-साडेतीनशे वर्षांत कधीतरी,
आणि कवीला वाचवलं.

हेसेल सिब्रंट्स कोण, ते पावत्यांनी सांगितलं.
बांधांचा मोजणीदार. कुणाच्या बांधात सशाचं बीळ दिसलं
की जागेवर दंड; विधवा असो, पाद्री असो.
एकदा तर सख्ख्या मेहुण्याकडून दोन गिल्डर घेतलेत
आणि समासात नोंद केलीय: रडला.

असा माणूस असला कागद चुलीत टाकतो.
निदान अक्षर जुळवत दारोदार फिरतो.
गावात लिहिता येणारे होते तरी किती?

हेसेलने काय केलं ते मला भिंगाखाली दिसलं.
'उद्या'वर एक बारीक रेघ.
तिच्या डोक्यावर, वेगळ्या शाईत,
दंडाच्या पावत्यांवर असतं तेच
उजवीकडे झुकलेलं, घाईतलं अक्षर:
'आधी'.

*त्याच्याच चुलीपाशी आधी समुद्र येऊन बसेल.*

मी बाउक्येला हाक मारली.
तिने चष्मा कपाळावर ढकलला, तीनदा ओळ पुटपुटली,
मग म्हणाली, मेल्याचं बरोबर आहे.
आता खरी झोंबते.

संध्याकाळी घड्या सपाट करताना
डाव्या काठाशी एक भोक सापडलं, भोवती गंजाचं वलय.
मग चौऱ्याण्णव पावत्या एकेक करून उजेडासमोर धरल्या.
बाउक्ये घरी गेली. दिवे लागले.
एकसष्टावीला तेच भोक, तेच वलय:

चिकणमाती, चाळीस गाड्या,
हेसेलच्या स्वतःच्या बांधासाठी, स्वतःच्या खिशातून.
पैसे चुकते. तारीख
पाण्याच्या डागाखाली गेलेली.

डाग खाऱ्या पाण्याचा आहे. जिभेला कळतं
(चाटू नये असा आमच्याकडे नियम आहे).
पण ते पाणी गाड्यांच्या आधी आलं, की नंतर,
की हेसेल मातीत गेल्यावर कित्येक वर्षांनी
आमच्याच तळघरात एखाद्या रात्री शिरलं,
ते जिभेला कळत नाही.

सकाळी बाउक्ये यादी दुरुस्त करायला बसली.
कवी: अज्ञात. इथवर ठीक.
पण हा दुसरा? एकाच शब्दाचा?
मी म्हटलं, मग लिही, कवी: दीड.
ती हसली, पेन्सिलीचं टोक चावत बसली,
आणि शेवटी काहीच बदललं नाही.

किरकोळ, एक.

मी विरलेल्या घडीला मागून खळ लावली,
वर कातडी बसवली, बोटाने हवा काढली.
भोक बुजवलं नाही.