नमूद

पूर उतरला तेव्हा भिंतीवर चॉकलेटी रेघ राहिली,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
हरभट रोडच्या मागच्या गल्लीत
आरवाडे प्रेसची तेवढीच पाटी शिल्लक.

मगदूम साहेब गमबूट घालून आले,
आधी टेप काढला, मग चष्मा.
"पाणी कुठनं आलं, वैनी?"
मोरीतनं, म्हटलं. मग दारातनं. मग सगळीकडनंच.
त्यांनी लिहिलं: पूर.
"बरं झालं. छताची गळती, भिंतीची ओल,
हळूहळू आलेलं काही धरत नाहीत.
एकदम आलं पाहिजे."

मला हसू आलं.
या दुकानात एकदम असं काही आलंच नव्हतं,
उधारी, माझा मोतीबिंदू,
मोबाइलवरच्या फुकट पत्रिका,
सगळं ओलीसारखं.

मशीन धरलं, घसारा वजा.
कागद धरला. जमिनीपासून वर होता का?
फळीवर होता. फळीच तरंगली.
"फळीवर होता," एवढंच त्यांनी लिहिलं.
तिसऱ्या रात्री गल्ला कुणीतरी फोडला, तो धरला नाही:
पुरानं नेलेलं चालतं,
पुरात माणसानं नेलेलं नाही.

आणि दहा लाखांचं दुकान
हप्ता वाचावा म्हणून मी पाचात उतरवलेलं,
म्हणून नुकसानही निम्मंच खरं.

पॉलिसी मी दोरीवर चिमट्यानं वाळत घातली होती,
कुण्या चौगुल्यांच्या पत्रिकेशेजारी.
मी छापणारी. सहा पॉइंटाचा टाइप
मला लांबनं ओळखू येतो.
छापलं होतं असं म्हणता यावं
एवढ्यापुरतं तो वापरतात.
त्यातच होतं, पान नऊ, घडीवर:
हस्तलिखितं, आराखडे, साचे, ठसे,
खास नमूद केले असतील तरच.

ठसे. शिसवी, एकशे बारा.
नबीलालनं सव्वीस वर्षं बसून कोरलेले.
कलश फुगला होता. मोराची मान चिरलेली.

"नमूद करायला काय झालं होतं?"
साहेब रागावले नव्हते.
काय सांगू. एजंट उंबऱ्यातच उभा,
बाहेर त्याची रिक्षा चालू,
मी खूण दिसली तिथं सही केली.
नबीलालचं नाव तरी
कुठल्या कागदावर नमूद होतं?
पगाराच्या वहीत नुसतं 'न.'

यंदा फॉर्म घरी आणलाय.
जोडपत्रात लिहिलं: लाकडी ठसे, दुरुस्त, नग एकोणनव्वद.
कारागीर: नबीलाल हुसेन मुजावर.
कारागिराला रकाना नव्हता, समासात लिहिलं.
किमतीपाशी पेन थांबलं.

तो मोराची मान सरसानं जोडत होता,
वर न बघताच म्हणाला,
"कमी लावू नका, ताई.
मागल्या वेळेगत निम्मा धरतील मला."